फोन पावलं मोजतो म्हणजे नेमकं काय मोजतो?

फोनला तुमचे पाय दिसत नाहीत. दादरच्या पुलावरची गर्दी दिसत नाही, आणि तुम्ही शिवाजी पार्कची कितवी फेरी मारताय तेही त्याला दिसत नाही. पावलं मोजण्यापुरतं बोलायचं तर त्याला एकच गोष्ट कळते: आपल्याला, म्हणजे फोनला, आत्ता हिसका बसला, किती जोराचा बसला आणि कोणत्या बाजूला बसला. त्या हिसक्यांवरून तो अंदाज बांधतो की ज्याच्या खिशात आपण आहोत ते माणूस चालतंय. संध्याकाळी स्क्रीनवर ६,२४८ असा आकडा येतो. तो एककापर्यंत इतका नेटका असतो की कुणीतरी शेजारी उभं राहून मोजल्यासारखा वाटतो. अंदाज बऱ्याचदा चांगला असतो, पण असतो अंदाजच.

हे समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण हा आकडा आता घराघरात शिरलाय. सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी स्क्रीनशॉट पडतात. ऑफिसात टीम पाडून स्टेप्सची स्पर्धा लागते. साखर वाढली म्हणून डॉक्टर ‘रोज चालता का?’ विचारतात तेव्हा पेशंट फोन काढून दाखवतो. आणि आकडा कमी दिसला की माणूस स्वतःला आळशी ठरवून मोकळं होतं. त्यात कुणाची किती पावलं मोजायची राहून गेली, हा प्रश्न मात्र फारसा कुणी विचारत नाही.

आतली यंत्रणा

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर नावाचा एक सेन्सर असतो. वेग वाढला, घटला किंवा दिशा बदलली की त्याला कळतं. लोकल सुटताना दारापासून आत उभ्या असलेल्या माणसाचं काय होतं आठवा. गाडी पुढे सरकते आणि अंग मागे रेलतं. ब्रेक लागला की अंग पुढे झुकतं. डोळे मिटले असले तरी गाडी सुटली की थांबली, आणि हळू की झटक्यात, हे नुसत्या झुकण्यावरून सांगता येतं. सेन्सरच्या आत हेच घडतं. काही मिलिमीटरच्या चिपमध्ये सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर टांगलेला असतो. फोन हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या स्थिर पट्ट्यांपासूनचं त्याचं अंतर बदलतं, त्यामुळे विजेचा भार धरून ठेवण्याची त्यांची क्षमता बदलते, आणि तो बदल आकड्यांत उतरवला जातो. तीन दिशांसाठी, म्हणजे पुढे-मागे, डावी-उजवी आणि वर-खाली, अशी तीन मापं एकाच वेळी घेतली जातात.

फोन टेबलावर शांत पडलेला असला तरी हे माप शून्य नसतं. गुरुत्वाकर्षणामुळे ते दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद एवढं येतच राहतं. म्हणून तर फोन आडवा केला की व्हिडिओ आडवा होतो. खाली कोणती बाजू आहे ते याच सेन्सरला ठाऊक असतं.

आता चालण्याकडे या. आपण चालतो तेव्हा शरीर सपाट रेषेत पुढे जात नाही. प्रत्येक पावलाला कंबर थोडी वर उचलली जाते, खाली येते, टाच जमिनीला लागते तेव्हा एक धक्का बसतो. आलेख काढला तर लाटा दिसतात आणि साधारण एका पावलाला एक लाट असते. बेताच्या चालीत मिनिटाला शंभर ते एकशेवीस पावलं पडतात, म्हणजे सेकंदाला दोनच्या आतबाहेर. फोनमधला प्रोग्रॅम या लाटा शोधतो. फोन खिशात उलटा आहे की तिरका याने फरक पडू नये म्हणून तिन्ही दिशांची मापं एकत्र करून एकच आकडा काढतात. मग बारीक थरथर गाळून टाकतात आणि उरलेल्या लाटांना प्रश्न विचारतात. लाट पुरेशी उंच आहे का? आधीच्या लाटेपासूनचं अंतर माणसाच्या चालीत बसतं का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, अशा लाटा ओळीने, एका ठेक्यात येतायत का?

हा शेवटचा प्रश्न नीट लक्षात ठेवा, कारण पुढच्या बहुतेक चुका त्याच्यापाशीच होतात. एकटदुकट हिसक्यावर विश्वास ठेवला तर फोन टेबलावर आपटला तरी पाऊल मोजलं जाईल. म्हणून प्रोग्रॅम थोडा दम धरतो. काही पावलं सलग, एका तालात पडली की मगच ‘हे चालणं आहे’ असं ठरवतो आणि थांबवून ठेवलेली पावलं एकदम जमा करतो. अँड्रॉइडच्या तांत्रिक नियमांत या मोजणीला दहा सेकंदांपर्यंतचा उशीर चालतो. म्हणून चालता चालता स्क्रीनकडे बघितलं तर आकडा अडकलेला दिसतो आणि मग एकदम दहा-पंधराने उडी मारतो.

हे सगळं दिवसभर चालू राहूनही बॅटरी का उतरत नाही? कारण या कामाला फोनचा मुख्य मेंदू लागतच नाही. २०१३ साली आलेल्या आयफोन ५एसमध्ये ॲपलने एम७ नावाची वेगळी छोटी चिप बसवली. मुख्य प्रोसेसर झोपलेला असताना हालचालींची नोंद ती ठेवायची. त्याच वर्षी अँड्रॉइड ४.४ मध्ये गुगलने पावलं मोजणाऱ्या सेन्सरसाठी खास सोय केली. आजच्या बहुतेक फोनमध्ये असं कमी विजेवर चालणारं उपकरण असतं. नुसती पावलं मोजायला इंटरनेट लागत नाही, जीपीएसही लागत नाही. डेटा पॅक संपला म्हणून स्टेप्स थांबत नाहीत.

मुंबईतला दिवस आणि फोनचा हिशेब

लोकलच्या प्रवासात पावलं वाढतात का, हा प्रश्न मला अनेकांनी विचारलाय. बहुतेक वेळा नाही. डब्यातले हिसके असतात भरपूर, पण ते माणसाच्या चालीच्या ठेक्यात सलग येत नाहीत. शिवाय फोन बाकीच्या हालचालीवरून आपण वाहनात आहोत हेही ओळखायचा प्रयत्न करतो. खड्ड्यांतून जाणारी रिक्षा किंवा बाइक मात्र त्याला कधीकधी फसवते. पावसाळ्यात खड्डे वाढले की चार-दोन भुताची पावलं जमा होऊ शकतात. त्यांनी मोठा फरक पडत नाही.

याउलट अंगारकीला पहाटे सिद्धिविनायकाला पायी जाणाऱ्यांचा हिशेब फोन उत्तम ठेवतो. मोकळा रस्ता, एकसारखी चाल, खिशात किंवा खांद्याच्या पिशवीत फोन: यंत्राला याहून सोपं काम नाही. पण तोच माणूस गणपतीत लालबागच्या रांगेत उभा राहिला की चित्र पालटतं. दोन पावलं पुढे, पाच मिनिटं थांबा, पुन्हा एक पाऊल, कुणीतरी मागून रेटलं. ताल नाही, सलगता नाही. तासन् तास उभं राहून पाय भरून येतात आणि फोनवर जेमतेम काही शे पावलं दिसतात. विसर्जनाच्या मिरवणुकीत पुन्हा उलट. ढोल-ताशाचा ठेका आणि नाचणाऱ्याचं उसळणं यांच्या लाटा चालण्यासारख्याच असतात, म्हणून एका जागी नाचूनही आकडा चढतो. नाचताना श्रम होतातच, तेव्हा ती पावलं फुकटची म्हणता येणार नाहीत.

हळू चालणाऱ्यांवर मात्र यंत्र अन्याय करतं आणि हे मला खटकतं. गुडघे दुखणारी आजी, ऑपरेशननंतर काठी घेऊन चालणारे काका, जपून पाऊल टाकणारी गरोदर बाई यांच्या पावलाला धक्का कमी बसतो आणि लाट बुटकी येते. प्रोग्रॅम तिला थरथर समजून गाळून टाकू शकतो. ज्यांना प्रत्येक पावलासाठी कष्ट पडतात त्यांचीच पावलं सुटायची शक्यता जास्त. तेव्हा घरातल्या वयस्कर माणसाच्या फोनवर कमी आकडा बघून ‘अहो बाबा, तुम्ही चालतच नाही’ असं म्हणायच्या आधी त्यांच्या बरोबर एक फेरी मारा आणि पावलं स्वतः मोजा.

ओट्यावर ठेवलेला फोन

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो. फोन स्वतःचे हिसके मोजतो, म्हणजे जे पाऊल फोनशिवाय पडलं ते आकड्यात नाही. साधी गोष्ट आहे, पण आपल्या घरांत तिचा अर्थ फार मोठा होतो.

माझ्या आईचं उदाहरण घ्या. परळच्या घरात तिचा दिवस पाणी यायच्या वेळेला सुरू होतो. मोरी ते ओटा, ओटा ते फ्रिज, गॅलरीत कपडे वाळत घालणं, लादी पुसणं, दाराशी भाजीवाला आला की खाली-वर. या सगळ्या वेळात तिचा फोन असतो फ्रिजवर नाहीतर चार्जिंगला. घरातल्या गाऊनला खिसा नाही, साडीला तर नाहीच. संध्याकाळी ती मैत्रिणींबरोबर चालायला जाते तेव्हा फोन छोट्या पर्समध्ये असतो. दिवसाअखेरीला तिचा आकडा म्हणजे फक्त ती संध्याकाळची फेरी. माझा आकडा तिच्या दुप्पट, कारण मी ऑफिसला जाते आणि माझ्या जीन्सला खिसा आहे.

यात दुसरीही एक भानगड आहे. समजा आईने दिवसभर फोन कमरेला बांधला तरी सगळं मोजलं जाणार नाही. ओट्यापासून फ्रिजपर्यंत तीन पावलं, थांबणं, वळणं, परत दोन पावलं. वर सांगितलेला सलग तालाचा नियम इथे आडवा येतो. मुंबईतल्या दहा बाय बाराच्या खोलीत कुणी सरळ वीस पावलं चालूच शकत नाही. आणि लादी पुसणं, कपडे पिळणं, पाण्याची बादली उचलणं यात घाम निघतो, पण त्यात ‘पाऊल’ असं काही नसतंच.

हीच गोष्ट चार घरची कामं करणाऱ्या ताईंची. घराघरांमध्ये त्या भराभर चालतात ते चालणं पिशवीतल्या फोनला कळतं. घरात शिरल्यावर पिशवी खुंटीला अडकते आणि खरं काम सुरू होतं.

मोठ्या संशोधनांकडेही हे ध्यानात ठेवून बघायला हवं. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. सात लाखांहून अधिक लोकांच्या फोनमधली पावलं त्यांनी तपासली होती. भारताची सरासरी दिवसाला ४,२९७ निघाली, तुलना केलेल्या ४६ देशांत बरीच खालची. त्यात भारतीय पुरुषांची सरासरी ४,६०६ आणि बायकांची ३,६८४. बातम्यांचे मथळे ‘भारतीय आळशी’ अशा थाटाचे होते. अभ्यास मोलाचा होता, त्याबद्दल वाद नाही. बाहेर मोकळेपणी चालायला, खेळायला बायकांना आपल्याकडे कमी मिळतं हेही खरंच. पण मोजणारं यंत्र फोन होतं. स्मार्टफोन बाळगणारे, त्यावर पावलं मोजणारं ॲप घेणारे, आणि त्यातही फोन अंगावर असतानाच पडलेली पावलं, एवढंच त्यात येतं. बायकांच्या आणि पुरुषांच्या आकड्यांतल्या फरकात खरं चालणं किती आणि खिसा किती, हे वेगळं काढल्याशिवाय माझ्या आईला कुणी आळशी म्हणू नये.

फोन किती पावलं सोडतो याचाही अंदाज आहे. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली आयफोनची तुलना कमरेला बांधलेल्या उपकरणाशी केली. प्रयोगशाळेत नेहमीच्या वेगाने चालताना फोन बऱ्यापैकी बरोबर होता. रोजच्या जगण्यात मात्र तो दिवसाला सरासरी तेराशेच्या वर पावलं कमी दाखवत होता. एक मोठं कारण आपल्या ओळखीचंच: फोन दर वेळी सोबत नसतो.

दहा हजारांचा आकडा आला कुठून

टोकियोत १९६४ साली ऑलिंपिक झालं. त्यानंतर जपानमध्ये व्यायामाची लाट आली आणि १९६५ साली यामासा या कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र बाजारात आणलं. त्याचं नावच ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. दहा हजार हा गोल, लक्षात राहणारा आकडा होता. तो त्या वेळी लोकांच्या आयुर्मानाचा मोठा अभ्यास करून काढलेला नव्हता. पण तो चिकटला आणि पन्नास वर्षांनी जगभरच्या ॲप्समध्ये ठरलेलं ध्येय होऊन बसला.

खरे अभ्यास अलीकडचे आहेत. अमेरिकेतल्या १६,७४१ बायकांचा, सरासरी वय ७२, एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांच्या तुलनेत ४,४०० च्या आसपास चालणाऱ्या बायकांमध्ये पुढच्या चारेक वर्षांत मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं. साधारण ७,५०० पर्यंत फायदा वाढत गेला आणि नंतर सपाट झाला. २०२५ साली ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला निष्कर्ष आला. त्यात ७,००० पावलांच्या आसपास चालणाऱ्यांमध्ये, २,००० चालणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचा धोका ४७ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात आजारी माणूस मुळातच कमी चालतो, त्यामुळे सगळं श्रेय पावलांनाच देता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि त्यातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्ट अशी की मोठा फायदा तळाशी आहे. दोन हजारांवरून चार हजारांवर येणाऱ्याला जो लाभ दिसतो, तो नऊवरून अकरा हजारांवर जाणाऱ्याला दिसत नाही.

इथे एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून निसटतो. २०१९ च्या त्या अभ्यासातल्या बायकांनी जागेपणीच्या सगळ्या वेळात कमरेला उपकरण बांधलं होतं. त्यांचा ४,४०० हा आकडा घरातल्या पावलांसकट आहे. तुमच्या फोनवरचा ४,४०० हा फक्त फोनसोबतच्या पावलांचा आहे. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘मी कमी पडले’ असं म्हणणं चुकीचं. घरात राबणाऱ्या बाईच्या फोनवर साडेतीन हजार असतील तर तिची खरी पावलं कितीतरी अधिक असू शकतात.

म्हणूनच मला फोनच्या आकड्याचा खरा उपयोग एकाच कामी वाटतो: आपली आपल्याशी तुलना. फोन ठेवायची जागा आणि सवय तीच ठेवली तर त्याची चूकही दर आठवड्याला साधारण तेवढीच राहते, आणि बदल खरा दिसतो. एका दिवसाकडे बघू नका. नोकरदार मुंबईकराची बरीच पावलं स्टेशन, पूल आणि प्लॅटफॉर्मवर पडतात, त्यामुळे रविवारी आकडा कोसळतो आणि सोमवारी चढतो. ॲपमध्ये आठवड्याची सरासरी दिसते, ती बघा. दोनेक आठवडे काही न बदलता नेहमीसारखं वागून सरासरी घ्या आणि मग तिच्यात हजारभर पावलं वाढवायची ठरवा. ती शेअर रिक्षा सोडून स्टेशनवरून चालत आल्याने येतात, बेस्टच्या बसमधून एक स्टॉप आधी उतरल्याने येतात.

चालण्याचा जोरही लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. मिनिटाला शंभर पावलांच्या आसपास चाल ही मध्यम श्रमाची ढोबळ खूण मानली जाते. गाणं म्हणता येणार नाही पण बोलता येईल, असा वेग. अशी सलग अर्धा तास चाल म्हणजे तीन हजार पावलं. हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असेल तर वेग वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारा.

अंतर, मजले, कॅलरी

अंतर म्हणजे पावलं गुणिले एका पावलाची लांबी. ही लांबी ॲप तुमच्या उंचीवरून काढतं, ढोबळमानाने उंचीच्या चाळीस-बेचाळीस टक्के. म्हणून ॲपमध्ये उंची खोटी किंवा रिकामी ठेवली तर किलोमीटर चुकतात. काही ॲप्स जीपीएस वापरतात, पण फोर्टसारख्या उंच इमारतींच्या गल्ल्यांत उपग्रहाचा सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि नकाशावर तुम्ही रस्ता सोडून इमारतीतून चाललेले दिसता.

आपलं पाऊल स्वतः मोजायला शिवाजी पार्क छान आहे. कट्ट्याभोवतीची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटर भरते. गर्दी नसताना पूर्ण फेरी मारा, आधीचा आणि नंतरचा आकडा वजा करा. समजा १,८०० पावलं लागली, तर ११७० मीटर भागिले १,८००, म्हणजे एक पाऊल ६५ सेंटिमीटर. त्या हिशेबाने दहा हजार पावलं म्हणजे साडेसहा किलोमीटर.

मजले मोजायला हवेचा दाब मोजणारा सेन्सर, बॅरोमीटर लागतो. आयफोनमध्ये तो २०१४ च्या आयफोन ६ पासून आला. स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये बहुधा नसतो, म्हणून तिथे मजल्यांची जागा रिकामी दिसते. वर चढलं की हवेचा दाब कमी होतो, मीटरला साधारण १२ पास्कल. तीन मीटर चढलात आणि त्याच वेळी पावलंही पडली, तर एक मजला धरला जातो. लिफ्टमध्ये दाब बदलतो पण पावलं नसतात, म्हणून लिफ्टचे मजले मिळत नाहीत. उतरलेले मजले सहसा धरत नाहीत. रेल्वेचा पूल चढलात तर दोनेक मजले मिळायला हवेत.

कॅलरीच्या आकड्यावर फार विसंबू नका. वजन, वय आणि पावलं यांवरून केलेला तो ढोबळ गुणाकार आहे. त्यावर वडापावचा हिशेब मांडू नये.

सेटिंग्जमध्ये काय बघाल

आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात मोशन अँड फिटनेस, आणि तिथे फिटनेस ट्रॅकिंग चालू असायला हवं. आकडे हेल्थ ॲपमध्ये दिसतात. २०२२ पासून, म्हणजे आयफोनच्या आयओएस १६ या प्रणालीपासून, ॲपलचं घड्याळ नसलं तरी फिटनेस ॲपही वापरता येतं.

अँड्रॉइडमध्ये ॲप कंपनीनुसार बदलतं. सॅमसंग हेल्थ, गुगल फिट किंवा कंपनीचं स्वतःचं. अँड्रॉइड १० पासून ॲपला ‘फिजिकल ॲक्टिव्हिटी’ची परवानगी मागावी लागते. घाईत ती नाकारली गेली असेल तर आकडा शून्यावर बसतो. दुसरं नेहमीचं कारण बॅटरी वाचवणारी सेटिंग. बरेच फोन न उघडलेलं ॲप पाठीमागे बंद करून टाकतात. त्या ॲपसाठी बॅटरीचं बंधन काढा. आणि शक्यतो एकच ॲप ठेवा. दोन ॲप्स गाळण्याचे नियम वेगवेगळे लावतात, त्यामुळे दोन आकडे येतात आणि खरा कुठला यावर नाहक डोकं फिरतं.

सगळं जमलं की शंभर पावलांची परीक्षा घ्या. आकडा बघा, मनात मोजत शंभर पावलं चाला, थांबा, दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या आणि पुन्हा बघा. एकदा पँटच्या खिशात, एकदा खांद्याच्या बॅगेत, एकदा हातात स्क्रीन बघत. हातात फोन धरून वाचत चाललं की हात धक्के शोषून घेतो आणि काही पावलं गळू शकतात. पाच-सात पावलांचा फरक आला तरी हरकत नाही. वीस-तीसचा आला तर फोनची जागा बदला.

एका गोष्टीची काळजी घ्या. पावलांची नोंद म्हणजे तुम्ही किती वाजता उठता, कधी घराबाहेर असता, आजारी कधी होता याचीही नोंद. स्टेप्सवर कूपन किंवा पैसे देणारं अनोळखी ॲप लोकेशन आणि कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागत असेल तर देऊ नका. पावलं मोजायला त्यातलं काहीच लागत नाही.

फोन जवळ ठेवणं जमत नसेल तर

मनगटावरचं बँड किंवा घड्याळ दिवसभर अंगावर राहतं, हा त्याचा मोठा गुण. पण ते हाताचं हलणं मोजतं. बाबागाडी ढकलताना, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असताना किंवा जिन्याचा कठडा धरून चढताना हात हलत नाही आणि पावलं सुटतात. कणीक मळताना किंवा हात धुवून झटकताना एखाद-दुसरं पाऊल उगाच जमा होऊ शकतं. घड्याळ आणि फोन दोन्ही असतील तर आयफोनचं हेल्थ ॲप एकाच वेळची पावलं दोनदा धरत नाही. अँड्रॉइडवर दोन्ही ठिकाणचा डेटा एकाच ॲपमध्ये येतोय का ते तपासा.

घरातल्या बायकांसाठी मला सगळ्यात बरा वाटतो तो गळ्यात अडकवायचा मोबाइल पाऊच, पण काम करताना तो लोंबकळू न देता पदराखाली किंवा कमरेला खोचून ठेवायचा. नाहीतर सरळ कमरेला अडकवायचा साधा पेडोमीटर, म्हणजे नुसती पावलं मोजणारं छोटं यंत्र, घ्या. बटणासारख्या सेलवर चालतो, त्याला ॲप नको, परवानगी नको, चार्जिंग नको. साडीच्या निऱ्यांपाशी किंवा पेटिकोटच्या नाडीला घट्ट बसतो, आणि कमरेजवळ असल्यामुळे शरीराचा धक्का त्याच्यापर्यंत नीट पोचतो. सकाळी उठल्यावर लावायचा, रात्री झोपताना काढून कॅलेंडरवर आकडा लिहायचा. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्या पानाचा फोटो न्या आणि आकडा कमरेच्या यंत्राचा आहे की फोनचा, हेही सांगा.